दिल्ली दोन तासांवर, पण कुठून?

दोन शहरांमधलं अंतर किती आणि विमानाने वेळ किती लागेल, याचं उत्तर आता कोणालाही फोनवर क्षणात मिळतं. कल्याण ते पुणे विचारून पाहा. हवाई अंतर सुमारे १११ किलोमीटर, विमानाला चाळीस मिनिटं. गणित चोख आहे. पण कल्याणहून पुण्याला विमान जात नाही, कारण कल्याणला प्रवासी विमानतळच नाही. डोंबिवलीला नाही, ठाण्यालाही नाही. २०११च्या जनगणनेत ठाणे शहरात १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीत १२ लाखांहून अधिक माणसं मोजली गेली. त्यानंतर घोडबंदर रस्ता, पलावा, टिटवाळा, बदलापूर असं करत वस्ती पसरतच गेली आहे. एवढ्या लोकांसाठी ‘दिल्ली दोन तासांवर’ या वाक्याला काय अर्थ आहे, हे तपासून पाहायला हवं. माझं मत आधीच सांगतो. आपल्या भागातल्या माणसासाठी विमानातला वेळ हा सगळ्या प्रवासातला सर्वांत भरवशाचा भाग आहे. खरं अंतर पडतं ते घराच्या उंबरठ्यापासून विमानतळाच्या दारापर्यंत, आणि नेमकं तेच कुठे मोजलं जात नाही.

आधी आकाशातला हिशोब पाहू. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर पट्टी ठेवून निघत नाही. भूगोलात ज्याला बृहद्‌वृत्त म्हणतात त्याचा कंस धरावा लागतो. या मापाने मुंबई ते दिल्ली सुमारे १,१५० किलोमीटर भरतं. मुंबई ते नागपूर ६८०, मुंबई ते गोवा सव्वाचारशे, मुंबई ते कोलकाता १,६६०, मुंबई ते दुबई १,९३०. जेट विमान एकदा वर स्थिरावलं की ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटरने जातं. चढाई आणि उतरण यांच्यासाठी अर्धा तास वेगळा धरला की झालं. दिल्लीचा आकडा दोन तासांच्या आत येतो, नागपूरचा सव्वा तासाच्या थोडा पुढे.

वेळापत्रकात मात्र दिल्लीसाठी सव्वादोन तासांच्या आसपासचा वेळ छापलेला असतो. कारण तिकिटावर असतो तो उडण्याचा वेळ नव्हे. विमान उभ्या जागेवरून हललं, तिथपासून ते दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबेपर्यंतचा तो सगळा वेळ आहे. धावपट्टीपर्यंतची वाट, पुढे उभ्या विमानांची रांग, उतरल्यानंतरची फेरी असं सगळं त्यात येतं. शिवाय कंपन्या थोडी उसंतही धरून ठेवतात. म्हणूनच मुंबईहून वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान पुष्कळदा दिल्लीला ‘वेळेवर’ टेकतं.

मुंबईत ही उसंत पुरत नाही, त्याला कारण आहे. सांताक्रूझ-सहारच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो. जगात एवढी वाहतूक एका धावपट्टीवर पेलणारे विमानतळ फार थोडे आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच जाहीर केलं की मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागत आहेत, आणि ४० मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १.७ किलोलिटर इंधन जळतं. तेव्हा गर्दीच्या वेळी ताशी ४६ उड्डाण-अवतरणांची मर्यादा ४४ वर आणली गेली. म्हणजे दिल्लीहून येताना कागदावरच्या वेळेत पाऊण तासाची भर आकाशातच पडू शकत होती.

आपल्या भागातल्या प्रवाशाला यातली एक गोष्ट फार लागते. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारं विमान महापे-कोपरखैरणे-घाटकोपर अशा रेषेवरून येतं. ती रेषा डोंबिवली स्थानकापासून दक्षिणेला जेमतेम चौदा किलोमीटरवर आहे. खिडकीतून पारसिकचा डोंगर आणि खाडी दिसते, घर कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज येतो. विमान आणखी पाच-सात मिनिटांत टेकतं आणि घरी पोहोचायला त्यानंतर दोन तास लागतात.

लांबच्या प्रवासात वारा मोठा हिस्सेदार असतो. उत्तर भारतावर आणि त्याच्या पलीकडे तीस-चाळीस हजार फुटांच्या पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात; हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. त्यामुळे मुंबईहून लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात आणि येताना त्याहून तासभर कमी. अंतर तेच, सुमारे ७,२०० किलोमीटर. कोलकात्याला जाताना विमान लवकर पोहोचतं, परतताना वेळ खातं. दिल्लीचा मार्ग उत्तर-दक्षिण असल्याने तिथे हा फरक थोडा. कल्याणच्या माणसाला हे काही अगदी नवं नसावं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा बंदर म्हणून उल्लेख आहे. नाणेघाटातून खाली येणारा माल या बंदरातून पश्चिमेकडे जायचा, आणि जहाज कधी सुटणार, कधी परतणार हे मोसमी वारे ठरवायचे. अंतर स्थिर आणि वेळ वाऱ्यावर, हा अनुभव या खाडीला दोन हजार वर्षांचा आहे.

वाऱ्याखेरीज आणखी दोन गोष्टी परदेशी प्रवासाचा वेळ बदलतात. एक म्हणजे हवाई हद्द. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना वळसा घालावा लागला. त्याचा फटका दिल्लीला जास्त बसला, पण मुंबईहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांचा वेळही वाढला. दुसरी गोष्ट घड्याळाची. तिकिटावर सुटण्याची वेळ इथली आणि पोहोचण्याची वेळ तिथली असते. सकाळी दहाला मुंबईहून निघून अकरा चाळीसला दुबईला पोहोचणारं विमान एक तास चाळीस मिनिटांत पोहोचत नाही. दुबईचं घड्याळ दीड तास मागे आहे, प्रवास तीन तास दहा मिनिटांचा झाला. न्यूयॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात साडेदहा तास मागे आणि उन्हाळ्यात साडेनऊ. पहिल्यांदा मुलाकडे निघालेल्या आईवडिलांना हे कोणीतरी बसून समजावून सांगावं लागतं, आणि डोंबिवलीत अशी घरं थोडीथोडकी नाहीत.

आकाशातला वेळ गेल्या नव्वद वर्षांत किती आक्रसला, हेही एकदा पाहून घ्यावं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. आज तोच प्रवास एका दमात होतो.

जमिनीवरचा वेळ मात्र तसा आक्रसलेला नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटर धावली, तासा-सव्वातासात पोहोचली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. आज त्याच मार्गावर स्लो लोकलला ठाण्यापर्यंत तासाच्या आसपास लागतो. फास्ट लोकल चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत नेते, कल्याणच्या ५४ किलोमीटरना तासाहून थोडा अधिक. पावणेदोनशे वर्षांत या मार्गावर पारसिकचा बोगदा झाला (१९१६), विजेवरच्या गाड्या आल्या, फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली. त्यानंतर जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने आणि लांबच्या गाड्या पारसिकच्या बोगद्यातून धावू लागल्या. कामं झाली नाहीत असं कोणी म्हणू नये. पण प्रत्येक नव्या मार्गिकेच्या आधी तिच्यावर चढणारी माणसं तयार असतात.

आता विमानतळापर्यंतच्या अंतराकडे येऊ. ठाणे स्थानकापासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे सोळा किलोमीटर, डोंबिवलीहून सत्तावीस, कल्याणहून बत्तीस. नवी मुंबईच्या उलव्याच्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं सुटू लागली. त्याच्यापासून सरळ रेषेत मोजलं तर ठाणे चोवीस, डोंबिवली पंचवीस आणि कल्याण अठ्ठावीस किलोमीटरवर येतं. या सहा आकड्यांत बरंच काही आहे. ठाण्याला जुनाच विमानतळ जवळचा. डोंबिवलीला दोन्ही जवळजवळ सारखेच. कल्याणला, आणि त्यापुढच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरला, नवा विमानतळ जवळचा. या पट्ट्याच्या इतिहासात प्रथमच ‘विमानतळ म्हणजे मुंबई’ हे समीकरण मोडलं आहे, आणि ते कल्याणच्या बाजूने मोडलं आहे.

सरळ रेषेत मात्र पक्षी जातात. मध्ये ठाण्याची खाडी, उल्हास नदी, पारसिकची डोंगररांग आणि संजय गांधी उद्यानाचा डोंगर आहे. ठाण्याहून सहारला जाणारी गाडी पूर्व द्रुतगती महामार्गाने जाऊन जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला लागते. पंचवीस किलोमीटरच्या आसपासचा रस्ता पहाटे पस्तीस-चाळीस मिनिटांचा आणि संध्याकाळी दीड तासाचा. कल्याणहून अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या घरात; रात्री तीनला तासाभरात होतं, संध्याकाळी सातला दोन-अडीच तासांची तयारी ठेवावी लागते. कल्याण-शीळ रस्त्यावर काटई आणि शीळफाटा ही दोन नावं डोंबिवलीकर विमानाच्या वेळेत आधीच मिळवून ठेवतो. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला, तेवढी मुलुंड-ऐरोलीची रांग आटली. मोठागाव-माणकोलीचा खाडीपूल सुरू झाला आणि डोंबिवली पश्चिमेला थेट नाशिक महामार्ग मिळाला. पुलावरची काही मिनिटं खरोखर वाचतात. पुढे माणकोली ते माजिवडा हा टापू कोंडला असेल, तर वाचलेली मिनिटं तिथे परत द्यावी लागतात.

रेल्वेने जाण्याचा एक मार्ग मात्र गेल्या काही वर्षांत खरोखर सुधारला आहे, आणि तो अजून पुरेसा ओळखीचा झालेला नाही. कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्याहून फास्ट लोकलने घाटकोपर. तिथून २०१४ पासून धावणारी मेट्रो १ पकडून मरोळ नाका. मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो ३ मध्ये बदललं की पुढचंच स्थानक विमानतळाचं टर्मिनल २. टर्मिनल १चं स्थानकही त्याच मार्गावर आहे. मेट्रो ३चा आरे ते बीकेसी टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा सगळा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. डोंबिवलीहून टर्मिनलच्या दारापर्यंत दोन गाड्या बदलून सव्वा-दीड तासात पोहोचता येतं, आणि सकाळी निघा की दुपारी, हा आकडा फारसा हलत नाही. मोठी बॅग नसलेल्या, धडधाकट, एकट्या प्रवाशाने दुपारच्या विमानासाठी हाच मार्ग धरावा असं मी बेलाशक सांगेन.

पण सकाळी आठला, दोन बॅगा आणि एक म्हातारं माणूस बरोबर असताना, डोंबिवलीहून फास्ट लोकलमध्ये चढा असं कोणाला सांगवत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दाराशी लटकलेले प्रवासी धावत्या गाड्यांतून खाली पडून मेले. त्या मार्गावर हातात सामान घेऊन चढणं हा सल्ला होऊ शकत नाही. लोकल वेळेवर असणं आणि लोकलमध्ये शिरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रविवारी निघायचं तर मेगाब्लॉक कुठल्या टप्प्यात आहे हेही आदल्या रात्री पाहावं लागतं.

नव्या विमानतळाकडे रेल्वेने जायचं तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरुळ आणि तिथून उरणच्या गाडीने तरघर. नकाशावर हे सुरेख दिसतं. कल्याणच्या माणसाला मात्र आधी उलट्या दिशेने ठाण्याला यावं लागतं, ठाण्याचा तो गजबजलेला पूल ओलांडून दुसऱ्या फलाटावर जावं लागतं आणि मग पुन्हा दक्षिणेला वळावं लागतं. कळव्याहून ऐरोलीकडे थेट उन्नत रेल्वेमार्ग काढला तर हा वळसा संपेल. त्यासाठीच दिघा गाव हे स्थानक बांधलं गेलं, जानेवारी २०२४ मध्ये ते सुरूही झालं. जोडमार्ग मात्र जागेच्या आणि पुनर्वसनाच्या प्रश्नांत अडकून राहिला. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ आणि कल्याण-तळोजा मेट्रो १२ यांची कामं चालू आहेत. यातली मेट्रो १२ मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती कल्याण-डोंबिवलीला मुंबईच्या दिशेने न नेता प्रथमच नवी मुंबईच्या अंगाला नेते.

इथे नेवाळीची आठवण काढल्यावाचून पुढे जाता येत नाही. कल्याणला विमानतळ नाही असं वर म्हटलं, पण धावपट्टी होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने कल्याणजवळ हाजी मलंगच्या वाटेवर नेवाळी परिसरातली दीड हजार एकरांहून अधिक जमीन लष्करी विमानांसाठी ताब्यात घेतली. युद्ध संपलं, विमानं गेली, धावपट्टीवर गवत उगवलं आणि आसपासच्या गावांतले शेतकरी आपली जमीन पुन्हा कसू लागले. नवी मुंबईचा विमानतळ परवानग्यांमध्ये रखडला असताना कल्याणच्या या धावपट्टीचा विचार व्हावा, असंही अधूनमधून सुचवलं गेलं. नौदलाने तिथे कुंपणाची भिंत घालायला घेतली तेव्हा, जून २०१७ मध्ये, शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. रस्ते अडले, वाहनं पेटली, गोळीबारात माणसं जखमी झाली. शेतकऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं की युद्धापुरती घेतलेली जमीन युद्ध संपल्यावर आम्हाला परत मिळायला हवी होती. उलव्याच्या विमानतळालाही अशीच किंमत आहे. १,१६० हेक्टरांवरच्या त्या प्रकल्पासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचं पात्र वळवलं गेलं, गावं हलली. विमानतळाला लोकनेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून भूमिपुत्रांनी केलेल्या आंदोलनामागे ही सगळी पार्श्वभूमी आहे. ‘विमानतळ आता जवळ आला’ असं आपण म्हणतो तेव्हा तो कोणाच्या तरी शेतावर येऊन बसलेला असतो, याची जाण ठेवून ते म्हणावं.

मग आपल्या भागातून कुठल्या शहराला विमानाने जावं? याचं उत्तर पल्ल्याप्रमाणे बदलतं, आणि सर्वांत सोपं आहे ते जवळच्या टोकाला. पुणे आणि नाशिक या दोन्ही शहरांना कल्याणहून रेल्वेने सव्वादोन-अडीच तास लागतात. विमानतळावर दोन तास आधी पोहोचायचं, आणि त्याआधी दीड तास घरून निघायचं. म्हणजे विमान हलण्याआधीच साडेतीन तास गेले. या पल्ल्यात विमानाचा विचारच करू नये.

तीनशे ते साडेचारशे किलोमीटरच्या पल्ल्यात खरी ओढाताण आहे. सोलापूरला फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आहे, ती कल्याणला थांबते. कोल्हापूरला विमान तासाभरात पोहोचतं, पण महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री कल्याणहून घेते आणि सकाळी कोल्हापुरात सोडते. झोपेतले तास कोणी प्रवासात धरत नाही, आणि मी म्हणतो, धरूही नयेत. कोकणाचं गणित आणखी वेगळं. २७ जून २०२३ पासून धावणारी मुंबई-मडगाव वंदे भारत ठाण्याला थांबते आणि कणकवलीला नेऊन सोडते. मडगावपर्यंतचा एकूण वेळ पावसाळा सोडून पावणेआठ-आठ तास. गोव्याचं विमान सव्वा तासाचं, पण ते दाबोळीला किंवा मोपाला उतरतं. कणकवलीच्या आतल्या गावी जाणाऱ्या ठाणेकराने घरापासून घरापर्यंत हिशोब केला, तर वाचणारा वेळ दोन तासांच्या पुढे क्वचितच जातो. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला तेव्हा हा हिशोब बदलेल अशी आशा होती. तिथली मुंबईची सेवा सलग टिकली नाही. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी दिव्याहून सावंतवाडीची गाडी पकडतो तो परंपरेच्या प्रेमाखातर नव्हे. त्याच्या घराजवळून निघून गावाजवळ पोहोचणारं दुसरं साधन फारसं नाही.

अहमदाबाद सरळ रेषेत साधारण ४४५ किलोमीटर. इथे बुलेट ट्रेनने सगळंच बदलेल असं म्हणतात, आणि ठाण्याच्या बाबतीत ते खरं होऊ शकतं. ५०८ किलोमीटरच्या त्या मार्गावरच्या बारा स्थानकांत ठाणे आहे, आणि ते दिव्याजवळ म्हातार्डीच्या परिसरात, म्हणजे डोंबिवलीच्या शेजारीच येतं. मोजकी स्थानकं घेत ती गाडी दोन तासांच्या थोडं पुढे अहमदाबादला पोहोचेल असं नियोजन आहे. तसं झालं तर डोंबिवलीहून अहमदाबादला विमानाने जाणं कोणालाही परवडणार नाही, वेळेच्या हिशोबाने तरी. फक्त म्हातार्डीच्या स्थानकापर्यंत जायचा रस्ता आणि रेल्वेजोड वेळेत झाली पाहिजे. नाहीतर तीच जुनी गोष्ट, स्थानक शेजारी आणि पोहोचायला तास.

नागपूर हे या सगळ्या प्रश्नाचं उत्तम उदाहरण आहे. विमान दीड तासाचं. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला होऊन पूर्ण झाला, आणि तो संपतो आपल्याच जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात आमण्याला. सरकारी दाव्याप्रमाणे नागपूर आठ तासांवर आलं. कल्याणचा माणूस विमानाने निघाला तर घरून विमानतळ दीड-दोन तास, तिथे दोन तास, विमानात दीड, नागपुरात उतरून घरी पाऊण तास: सहा तासांच्या आसपास. मोटारीने घरापासून घरापर्यंत नऊ, वाटेत जेवण आणि थांबे धरून दहा. विदर्भ एक्स्प्रेसने एक रात्र. दीड विरुद्ध आठ असं ऐकलं तर विमान पाचपट वेगवान वाटतं. घरापासून घरापर्यंत मोजलं तर दुपटीलाही पोहोचत नाही. चौघांचं कुटुंब असेल तर मोटारीचं पारडं जड होतं. मात्र समृद्धीवर वेग आणि झोप यांनी अनेक जीव घेतले आहेत. त्या रस्त्यावर एकट्याने रात्री गाडी हाकू नये.

हजार किलोमीटरच्या पुढे विमानाला तोड नाही. जानेवारी २०१९ पासून मध्य रेल्वेची राजधानी कल्याणला थांबते आणि दीड हजार किलोमीटर पार करून निजामुद्दीनला नेते. ज्याला घाई नाही त्याच्यासाठी ती सुखाची गाडी आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर धुकं असलं की विमानाचा वेळही बेभरवशाचा होतो. तरी दिल्ली, कोलकाता, बंगळूरला कामाने जाणारा माणूस विमानच घेणार, आणि ते योग्यच आहे.

या सगळ्या हिशोबांत मी ‘साधारण’, ‘आसपास’ असे शब्द वारंवार वापरले, त्याचं कारण आहे. आपल्या भागात सरासरी वेळेला फारसा अर्थ नाही. कल्याण ते सहार सरासरी दीड तास असेल. पण विमान सरासरीने सुटत नाही. चेक-इनचा काउंटर देशांतर्गत उड्डाणाला सहसा तासभर आधी बंद होतो. ज्याचं तिकीट बुडायला नको त्याला दहा फेऱ्यांतल्या सर्वांत वाईट फेरीइतका वेळ हाताशी ठेवावा लागतो, आणि उरलेल्या नऊ वेळा तो टर्मिनलच्या खुर्चीवर बसून काढावा लागतो. पूल, रस्ता, मेट्रो यांच्या जाहिरातींत ‘अमुक मिनिटांत’ असा सर्वांत चांगला आकडा सांगतात. प्रवाशाला लागतो तो सर्वांत वाईट आकडा. तो कुठलीच यंत्रणा छापत नाही. छापायला हवा: सोमवारी सकाळी, पावसात, मेगाब्लॉकच्या दिवशी कल्याण ते विमानतळ किती, ठाणे ते विमानतळ किती. महापालिका, एमएमआरडीए, रेल्वे यांपैकी कोणालाही हे काम अवघड नाही. मोजमापाची साधनं आता प्रत्येक बसमध्ये आणि फोनमध्ये आहेत.

दुसरी गोष्ट रात्रीची. परदेशी विमानं पुष्कळशी मध्यरात्रीनंतर सुटतात, देशांतर्गत विमानांची पहिली लाट पहाटे पाच ते सातची असते. त्या वेळी लोकल बंद किंवा नुकत्याच सुरू होत असलेल्या, मेट्रो सहाच्या सुमाराला जागी होणारी. सहाच्या विमानासाठी बदलापूरच्या माणसाने रात्री दोनला निघायचं आणि टॅक्सीला विमानाच्या तिकिटाच्या निम्मे पैसे मोजायचे, ही आजची सर्वसाधारण स्थिती आहे. उलव्याचा विमानतळ सुरुवातीला सकाळी आठ ते रात्री आठ एवढाच चालणार होता. चोवीस तासांच्या वेळापत्रकात तिथेही हाच प्रश्न येतो, आणि तिथे अजून सवयी घडायच्या आहेत. म्हणून मागणी आत्ताच करून ठेवायला हवी. कळवा-ऐरोली जोडमार्ग होईपर्यंत बदलापूर आणि टिटवाळ्याहून कल्याण-शीळमार्गे विमानतळापर्यंत सामान ठेवायला जागा असलेली बस, रात्री एक ते पहाटे पाच या वेळेत दर तासाला, ठरलेल्या थांब्यांवर ठरलेल्या वेळी. आणि जोडमार्ग झाला की पहाटे साडेतीनला कल्याणहून सुटणारी, ठाण्याला न जाता थेट नेरुळ-तरघर गाठणारी एक लोकल.